जुन्या छायाचित्रांचे रंग : ऱ्हास, दुरुस्ती आणि सत्य

साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या कोणत्याही शाळेच्या कपाटातील छायाचित्रे कालक्रमाने मेजावर मांडली, तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते. पहिल्या दशकातील कृष्णधवल छायाचित्रे कडांना थोडी पिवळी पडलेली असली, तरी त्यांतील चेहरे बहुधा अद्याप स्पष्ट असतात. अलीकडची संगणकीय छायाचित्रे तर जशीच्या तशी असतात. दुर्दशा झालेली असते ती मधल्या काळाची. रंगीत छायाचित्र ही जेव्हा नवलाईची गोष्ट होती, त्या काळातील स्नेहसंमेलने, सहली आणि निरोप समारंभ आज एका तांबूस धुक्यात हरवलेले दिसतात. आकाश गुलाबी, झाडे तपकिरी, गणवेशाचा पांढरा सदरा लालसर. ज्या छायाचित्रांसाठी पदरचे अधिक पैसे मोजले गेले, त्यांचेच रंग सर्वांत आधी गेले.

अशी छायाचित्रे स्कॅन करून संगणकावर त्यांचे रंग दुरुस्त करण्याचे काम आज घरोघरी आणि अनेक संस्थांतून चालते. सॉफ्टवेअर हाताशी असल्यामुळे ते सोपे वाटते. परंतु दुरुस्ती म्हणजे नेमके काय, काळाने नेलेले परत आणणे की आजच्या डोळ्यांना रुचेल असे नवे चित्र रचणे, हा प्रश्न त्या सोपेपणात अनेकदा विसरला जातो. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी समाजाच्या दृष्टीने तो अधिकच महत्त्वाचा आहे. परप्रांतात तीन-तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबांचा वेश, सण आणि एकत्र येणे यांची नोंद सरकारी दप्तरांत फारशी सापडत नाही. ती सापडते शाळेच्या, मंडळाच्या आणि घरच्या अल्बमांत. म्हणून त्या अल्बमातील रंगांना हात लावण्यापूर्वी ते रंग तेथे कसे आले आणि कसे गेले, हे पाहणे उचित ठरते.

रंग टिपण्याचा दीडशे वर्षांचा खटाटोप

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, तेव्हा लोक थक्क झाले. पण त्या चित्रांत रंग नव्हता. रंग टिपण्याचा मूलमंत्र सापडला तो १८६१ मध्ये. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका रंगीत चौकडीच्या फितीची तीन कृष्णधवल चित्रे तीन कंदिलांतून पडद्यावर टाकली. ही चित्रे तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून घेतलेली होती. त्याच रंगांच्या प्रकाशात ती एकमेकांवर पडताच फीत रंगीत दिसू लागली. आजचा दूरदर्शन संच, भ्रमणध्वनीचा पडदा आणि छायाचित्रे दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर ही सारी त्याच तीन रंगांच्या हिशेबावर चालतात.

या तत्त्वाचा एक विलक्षण उपयोग रशियात झाला. सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की यांनी १९०९ ते १९१५ या काळात झारच्या साम्राज्यात प्रवास करून प्रत्येक दृश्याच्या तीन कृष्णधवल प्रतिमा एकाच लांबट काचपट्टीवर घेतल्या. अशा सुमारे १,९०० काचपट्ट्या अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये त्यांच्या वारसांकडून विकत घेतल्या. २००१ मधील प्रदर्शनासाठी त्यांपैकी १२२ दृश्यांच्या तिन्ही प्रतिमा संगणकावर जुळवण्यात आल्या, आणि क्रांतीपूर्व रशियातील शेतकरी, अमीर आणि नद्या जणू काल पाहिल्यासारख्या रंगांत प्रकट झाल्या. त्या पट्ट्यांत रंगद्रव्य मुळी नव्हतेच. होती ती फक्त चांदी, आणि रंगाची माहिती त्या चांदीच्या गडद-फिकटपणात साठवलेली होती. म्हणूनच ती नव्वद वर्षे टिकली.

दरम्यान १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंनी ऑटोक्रोम ही काचपट्टी बाजारात आणली. बटाट्याच्या पिष्टाचे रंगवलेले सूक्ष्म कण तिच्यावर पसरलेले असत. पॅरिसचे धनिक अल्बेर कान यांनी जगभरची जीवनरीत टिपून ठेवण्यासाठी धाडलेले छायाचित्रकार या पट्ट्या वापरत. त्यांपैकी स्तेफान पासे १९१३-१४ च्या सुमारास भारतात येऊन गेले. पुढे १९३५ मध्ये कोडॅक्रोम फिल्म आली, आणि १९४२ मध्ये कोडाकलरने निगेटिव्हवरून कागदावर रंगीत प्रत काढण्याची सोय सामान्य ग्राहकांपर्यंत नेली.

भारतात हा रंग सर्वसामान्यांच्या आवाक्यात यायला वेळ लागला. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची स्थापना १९६० मध्ये झाली आणि १९६७ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. त्याच्या ‘इंदू’ या नावाच्या मालाने कितीतरी स्टुडिओंतील कृष्णधवल छायाचित्रणाला आधार दिला. शहरोशहरी ‘कलर लॅब’च्या पाट्या दिसू लागल्या त्या मुख्यतः १९८० च्या दशकात. साठ वर्षांच्या शाळेच्या आयुष्यात कृष्णधवल, रंगीत कागद आणि संगणकीय छायाचित्रण ही तिन्ही युगे येऊन जातात, ती अशी.

कुंचल्याने भरलेले रंग

यंत्राला रंग दिसत नव्हता, तेव्हाही माणसांना तो हवाच होता. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होते. त्यानंतरच्या काही दशकांत देशभरच्या स्टुडिओंत छायाचित्रांवर हाताने रंग चढवणारे कारागीर काम करू लागले. काही ठिकाणी गालावर किंचित लाली आणि दागिन्यांवर पिवळा ठिपका एवढेच असे. काही ठिकाणी रंगाचा थर इतका दाट असे की खालचे छायाचित्र जवळजवळ झाकून जाई आणि त्याला लघुचित्राचे रूप येई. ते रंग खरे आहेत असा दावा कोणी करीत नसे. चित्र रंगवलेले आहे, हे पाहणाऱ्याला ठाऊक असे.

कृष्णधवल छायाचित्रही पूर्णतः निःपक्षपाती नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात १८६६ मध्ये नोकरीस लागलेले आणि पुढे तुकोजीराव होळकरांचा आश्रय व हैदराबादच्या निजामाकडून ‘राजा’ हा किताब मिळवणारे लाला दीनदयाळ हे एकोणिसाव्या शतकातील सर्वांत नामवंत भारतीय छायाचित्रकार. त्यांच्या २,८५७ काचपट्ट्या आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्या काळच्या सर्वसाधारण काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला फार आणि तांबड्याला जवळजवळ मुळीच प्रतिसाद देत नसत. परिणामी निळे आकाश कोरे पांढरे येई, कपाळीचे लाल कुंकू काळे दिसे आणि गव्हाळ वर्ण प्रत्यक्षाहून अधिक सावळा उतरे. १८७३ मध्ये हर्मन फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून पट्टीची दृष्टी वाढवण्याचा मार्ग शोधला. तरी सर्व रंगांना समान न्याय देणाऱ्या पट्ट्या प्रत्यक्ष वापरात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. पणजीच्या छायाचित्रातील काळे कुंकू ही तिच्या काळाची चाल नव्हती, ती त्या काचपट्टीची मर्यादा होती.

रंग उडतात कसे

कृष्णधवल छायाचित्रात प्रतिमा धातुरूप चांदीची असते. प्रत धुताना हायपो पुरता निघून गेला नाही, तर त्यातील गंधकामुळे चांदी पिवळट तपकिरी होते. पण नीट धुतलेली प्रत शतकभर सहज टिकते. रंगीत कागदावरील प्रत मात्र सायन म्हणजे हिरवट निळा, मॅजेंटा म्हणजे किरमिजी आणि पिवळा अशा तीन सेंद्रिय रंगद्रव्यांच्या थरांनी बनते. धुताना त्यातील चांदी काढून टाकली जाते आणि मागे उरतात ती फक्त ही नाजूक रंगद्रव्ये.

त्यांचा ऱ्हास सारखा होत नाही, हे या साऱ्या कथेचे मर्म आहे. अल्बमच्या बंद पानांत, उष्ण व दमट हवेत, जुन्या कागदांतील सायन रंगद्रव्य आधी विघटित होते. तांबड्या प्रकाशाला अडवणारा पहारेकरीच गेल्यामुळे चित्र लाल पडते. उलट भिंतीवर उजेडात टांगलेल्या प्रतीतून बहुधा किरमिजी रंग आधी उडतो आणि चित्र हिरवट निळे दिसू लागते. म्हणजे एकाच समारंभाच्या दोन प्रती, एक कार्यालयाच्या भिंतीवर आणि दुसरी शिक्षकांच्या घरी ट्रंकेत राहिलेली, चाळीस वर्षांनी भेटल्या तर एकमेकींना ओळखणार नाहीत. छायाचित्र कसे बिघडले आहे, यावरून ते कोठे राहिले याचा अंदाज करता येतो.

ही हानी केवळ घरगुती अल्बमांची नव्हती. चित्रपटांच्या रंगीत प्रतीही अशाच लाल पडत होत्या. १९८० मध्ये दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी याविरुद्ध जाहीर मोहीम उभारली, आणि त्या दशकात उत्पादकांनी अधिक टिकाऊ रंगद्रव्ये बाजारात आणली. परंतु तत्पूर्वी छापल्या गेलेल्या असंख्य प्रतींचे भवितव्य ठरून गेले होते.

संगणकाची मदत

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या थॉमस नोल यांनी १९८७ मध्ये संगणकाच्या पडद्यावर करड्या छटा दाखवणारी एक छोटी आज्ञावली लिहिली. चित्रपटांच्या दृश्यपरिणामांचे काम करणारे त्यांचे बंधू जॉन यांनी तिच्यातील शक्यता ओळखली. फेब्रुवारी १९९० मध्ये ती ‘फोटोशॉप’ या नावाने अडोबी कंपनीतर्फे बाजारात आली. १९९४ च्या आवृत्तीत थर म्हणजे लेयर आले आणि १९९६ मध्ये मूळ चित्राला धक्का न लावता वरच्या थरात रंग बदलण्याची सोय झाली. त्याच सुमारास बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी तयार केलेले ‘गिंप’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध झाले. ज्या कामासाठी पूर्वी प्रयोगशाळा लागत असे, ते काम शाळेच्या संगणक कक्षात करता येऊ लागले.

या साधनांचे काम समजण्यास अवघड नाही. स्कॅन केलेले चित्र संगणकात मॅक्सवेलच्याच रीतीने तांबड्या, हिरव्या आणि निळ्या अशा तीन चॅनेलांत साठते. प्रत्येक चॅनेलमध्ये गडद ते उजळ अशा किती छटा आहेत, याचा आलेख हिस्टोग्राम दाखवतो. सायन गमावलेल्या प्रतीत तांबड्या चॅनेलचा आलेख उजळ बाजूला आक्रसून गेलेला दिसतो, कारण जेथे काळेभोर असायला हवे तेथूनही तांबडा प्रकाश परत येत असतो. तो आलेख पुन्हा दोन्ही टोकांपर्यंत ताणला की लाली ओसरते आणि दडलेला हिरवा व निळा वर येतो. सावलीत एक छटा आणि उजेडात दुसरी, असा दुहेरी बिघाड असेल, तर कर्व्ह या साधनाने प्रत्येक भागाचा वेगळा विचार करावा लागतो. असे ताणताना चित्र फाटल्यासारखे पट्टे उमटू नयेत, म्हणून स्कॅन १६ बिटांत घेणे हितकारक असते. ८ बिटांत प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या मिळतात, तर १६ बिटांत ६५,५३६. मात्र रंगद्रव्य पूर्णच नष्ट झालेल्या जागी कितीही ताणले तरी काही हाती लागत नाही.

मोजपट्टी कोणती?

दुरुस्ती करणाऱ्याला एक खात्रीचा रंग लागतो, ज्याच्या आधारे बाकीचे रंग लावता येतील. शाळेच्या छायाचित्रांत अशा खुणा पुष्कळ सापडतात. स्वातंत्र्यदिनाच्या छायाचित्रातील तिरंगा ही त्यांपैकी सर्वांत मोलाची. ध्वजाच्या रंगांसाठी भारतीय मानक १९५१ पासून अस्तित्वात आहे आणि १९६८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. वर्षानुवर्षे उन्हात फडकलेले कापड विटलेले असू शकते, हे लक्षात घेऊनही केशरी, पांढरा आणि हिरवा असे तीन ज्ञात रंग एका ओळीत मिळणे हे भाग्यच होय.

पांढऱ्या रंगाबाबत मात्र सावध राहावे लागते. सदरे, टोप्या आणि धोतरे नीळ घालून धुतली जात. चुन्याच्या भिंतींनाही नीळ मिसळलेली असे. म्हणजे त्या काळचा पांढरा किंचित निळसरच होता. तो संगणकाच्या निखळ पांढऱ्याशी जुळवला, तर चित्र नकळत पिवळे पडते. रात्रीच्या कार्यक्रमात पिवळ्या दिव्यांखाली घेतलेले छायाचित्र तर पहिल्या दिवसापासूनच पिवळे होते. तो पिवळेपणा ऱ्हासाचा नसून त्या रात्रीच्या रंगमंचाचा आहे. जाणीवपूर्वक दिलेली सेपिया छटाही डाग समजून काढून टाकली जाते. सॉफ्टवेअरमधील ‘आपोआप’ दुरुस्तीचे बटण हा भेद जाणत नाही. तांबड्या मातीच्या मैदानावर कवायत करणारी मुले दिसली, की ते मातीचा तांबडेपणाही आजार समजून घालवते.

सर्वांत नाजूक प्रश्न त्वचेच्या रंगाचा आहे. रंगीत छपाई जुळवण्यासाठी प्रयोगशाळांकडे विसाव्या शतकाच्या मध्यापासून एक नमुना-पत्र असे. त्यावर गोऱ्या वर्णाच्या स्त्रीचे छायाचित्र असे आणि ते ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखले जाई. तिचा चेहरा चांगला दिसला म्हणजे यंत्र बरोबर, अशी ती कसोटी होती. सावळ्या वर्णाच्या छटा त्या कसोटीत बसत नव्हत्या. तिच्या भरीला चेहरा उजळ करून देण्याची भारतीय स्टुडिओंची रीत होती. आज दुरुस्ती करणाराही तोच मोह अनुभवतो. कर्व्हची रेषा जराशी वर उचलली की सगळा वर्ग गोरा होतो. परंतु चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस वर्ण असतात. दुरुस्तीच्या नावाखाली ते एकसारखे उजळणे म्हणजे त्या मुलांना ते जसे होते तसे नाकारणे होय.

दुरुस्ती कोठे संपते

रंगीत प्रतीतील उडालेला रंग परत आणणे आणि कृष्णधवल छायाचित्रात नवा रंग भरणे, या दोन क्रियांची आज सरमिसळ होते. पहिल्या क्रियेला पुरावा असतो, कारण रंगद्रव्याचा काही अंश कागदावर शिल्लक असतो. दुसरीला तो नसतो. २०१६ पासून संगणकाला लक्षावधी छायाचित्रे दाखवून रंग भरायला शिकवण्याच्या पद्धती प्रगत झाल्या आहेत. आकाश निळे आणि गवत हिरवे हे संगणक बरोबर ओळखतो. पण करड्या छटेतील नऊवारी लुगडे हिरवे होते की तांबडे, हे तो जाणू शकत नाही. तो फक्त संभाव्य रंग सांगतो. जुना कारागीर कुंचल्याने रंग भरी, तेव्हा कुंचला दिसत असे. येथे कुंचला दिसत नाही, म्हणून अंदाजही पुराव्यासारखा भासतो.

याचे टोक २०२१ मध्ये जगाने पाहिले. कंबोडियाच्या ख्मेर रूज राजवटीत नोम पेन्हच्या तुओल स्लेंग तुरुंगात हजारो माणसे छळून मारली गेली. आत आणताच त्यांची छायाचित्रे घेतली जात. एका कलाकाराने त्या छायाचित्रांत रंग भरले आणि काही चेहऱ्यांवर मूळ चित्रांत नसलेले स्मित उमटवले. ती प्रसिद्ध होताच मृतांचे नातलग आणि कंबोडियाचे सरकार यांनी तीव्र निषेध केला आणि ती मागे घ्यावी लागली. शाळेच्या छायाचित्रांची त्या शोकांतिकेशी तुलना होऊ शकत नाही. पण नियम दोन्हीकडे एकच आहे. काळाने जे नेले तेवढेच परत आणावे. जे मुळी नव्हते ते त्यात घालू नये.

या नियमाचे पालन करणे अवघड नाही. मूळ प्रत फेकू नये. पहिला स्कॅन कोणताही बदल न करता टिफ स्वरूपात जपावा आणि दुरुस्ती वेगळ्या प्रतीवर, वेगळ्या थरात करावी. छापताना ‘रंगदुरुस्ती केलेली प्रत’ किंवा ‘मूळ कृष्णधवल, रंग नंतर भरले’ एवढी ओळ खाली द्यावी. आणि रंगाबद्दल शंका असेल, तर यंत्राआधी माणसांना विचारावे. गणवेशाचा निळा कोणता होता, संमेलनातील झालर कशाची होती, त्या दिवशी बाईंनी कोणते लुगडे नेसले होते, हे सांगू शकणारे माजी विद्यार्थी आणि शिक्षक आज आहेत. त्यांच्या आठवणींतही फरक पडेल. तोही लिहून ठेवावा. अमृतमहोत्सवापर्यंत आणखी पंधरा वर्षे जातील, आणि स्कॅन पुन्हा घेता आला, तरी त्यांच्यातील प्रत्येकाला पुन्हा विचारता येईलच असे नाही.

संगणकीय प्रतीही अमर नसतात. कागदावरील छायाचित्र हळूहळू विटते आणि विटताना इशारा देते. बिघडलेल्या डिस्कवरील छायाचित्र एका क्षणात, काहीही मागे न ठेवता जाते. म्हणून प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवणे आणि वेळोवेळी नव्या साधनांवर उतरवणे, हा या कामाचा अखेरचा आणि न संपणारा भाग आहे. तो करणारे हात पुढच्या वर्गांत तयार झाले, तर मागच्या वर्गांतील मुले आपापल्या खऱ्या वर्णांत, किंचित निळसर पांढऱ्या सदऱ्यांत, तांबड्या मातीच्या मैदानावर उभी राहिलेली पुढील पिढ्यांना दिसत राहतील.